भाग बदलला, दोष राहिला!

पास्कलचा नियम तुमच्यापैकी पुष्कळांना पाठ असेल. बंदिस्त द्रवाच्या एखाद्या भागावर दाब दिला, तर तो दाब द्रवात सर्व दिशांना सारखाच पोचतो. नियमाखाली एक लहान व एक मोठा दट्ट्या असलेल्या यंत्राची आकृती काढायची, बाण दाखवायचे, की झाले काम. परीक्षेत गुण मिळतात आणि नियम विसरायला आपण मोकळे होतो. मी अठरा वर्षे महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो आहे. हा नियम मी किती वेळा फळ्यावर लिहिला असेल, याची गणती नाही. तरीही गेल्या एप्रिलमध्ये याच नियमाने मला चांगलेच तोंडघशी पाडले. ती हकीकत तुम्हाला सांगतो, कारण तिच्यातून मला जे म्हणायचे आहे ते तुमच्याच उपयोगाचे आहे.

माझ्या भाच्याने पहिल्या नोकरीच्या पगारातून पैसे साठवून एक जुनी पण मोठी मोटरसायकल विकत घेतली. या गाडीचा क्लच तारेचा नव्हता, तेलाच्या दाबावर चालणारा होता. काही दिवसांनी इंजिनाच्या कडेने तेल पाझरू लागले. गॅरेजमध्ये गाडी दाखवली. क्लचच्या खालच्या सिलिंडरचे रबरी सील झिजले होते. मेकॅनिकने तो सिलिंडरच बदलला. पाझर थांबला, पण गाडी घरी आणताना नवाच त्रास सुरू झाला. क्लचची दांडी दाबली तरी ती बोटांना नरम लागे आणि सरळ हँडलला जाऊन टेके. गिअर टाकला, की दांडी दाबलेली असूनही गाडी पुढे ओढे. चौकात सिग्नलला उभे असताना तिने असा हिसका दिला, की पुढच्या सायकलवाल्याला धक्का बसता बसता राहिला.

गाडी पुन्हा गॅरेजमध्ये गेली. तिथे उत्तर मिळाले, "खालचा सिलिंडर नवा आहे, म्हणजे आता वरचा गेला असणार. तोही बदलावा लागेल." वरचा सिलिंडर म्हणजे हँडलवरचा मास्टर सिलिंडर. त्याची किंमत भाच्याच्या जवळजवळ महिन्याच्या पगाराएवढी होती. तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, "मामा, काय करू? तुम्ही फिजिक्सवाले आहात." मी मान हलवून म्हणालो, "अरे, एक भाग नवा आणि दोष कायम, म्हणजे दोष दुसऱ्या भागात. बदलून टाक." जाता जाता तो म्हणाला, "पण मामा, एक गंमत आहे. दांडी चार-पाच वेळा भराभर दाबली, की ती घट्ट होते आणि गिअर नीट पडतो. थोडा वेळ थांबलं, की पुन्हा नरम." मी म्हणालो, "असेल तसं काही," आणि उत्तरपत्रिका तपासायला बसलो.

त्या गठ्ठ्यात एका विद्यार्थ्याने दाबयंत्राची आकृती काढली होती. त्याने घाईघाईत मोठ्या दट्ट्याखाली द्रव भरायचे सोडून थोडी जागा रिकामी ठेवली होती. मी लाल पेनाने लिहिले, "दट्ट्याखाली हवा दाखवली आहे, हे यंत्र चालणार नाही," आणि अर्धा गुण कापला. पुढची उत्तरपत्रिका उघडली, आणि माझा हात थांबला. संध्याकाळी मी भाच्याला जो सल्ला दिला होता, त्यात माझाही अर्धा गुण कापायला हवा होता. खरे तर पूर्णच!

आता हा क्लच कसा चालतो ते पाहू. इंजिन फिरत असते आणि चाकाला कधी फिरवायचे असते, कधी थांबवायचे असते. दोहोंच्या मध्ये क्लचच्या चकत्या असतात. गॅरेजमध्ये त्यांना प्लेटी म्हणतात. भक्कम स्प्रिंगा या प्लेटींना एकमेकींवर दाबून धरतात, म्हणून इंजिनाची गती चाकाकडे जाते. दांडी दाबली, की स्प्रिंगांचा जोर मागे ढकलला जातो, प्लेटी किंचित सैल होतात आणि इंजिन सुटे होते. आपल्याकडच्या बहुसंख्य मोटरसायकलींत हे काम सायकलच्या ब्रेकसारखी एक तार करते. काही मोठ्या गाड्यांत तारेच्या जागी तेलाने भरलेली नळी असते. दांडीजवळ लहान दट्ट्या, इंजिनाजवळ मोठा दट्ट्या, आणि मधे तेल. म्हणजे तुमच्या पुस्तकातली आकृतीच! असे यंत्र जोसेफ ब्रामा या इंग्रज कारागिराने १७९५ साली पेटंट केले. पास्कलचा द्रवांवरील ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर, १६६३ साली, प्रसिद्ध झाला होता. नियमाला यंत्र मिळायला शंभराहून अधिक वर्षे लागली.

हिशेबासाठी सोयीचे आकडे घेऊ. समजा, वरच्या दट्ट्याचा व्यास १२ मि.मी. आणि खालच्याचा ३० मि.मी. आहे. व्यासांचे गुणोत्तर २.५, म्हणून क्षेत्रफळांचे गुणोत्तर ६.२५. दांडीचे टोक ५० मि.मी. हलले, की वरचा दट्ट्या १० मि.मी. सरकतो असे धरू. म्हणजे तरफेने बल ५ पट केले आणि तेलाने आणखी ६.२५ पट. एकूण ३१.२५ पट. स्प्रिंगांना मागे सारायला ९०० न्यूटन बल लागत असेल, तर बोटांना सुमारे २९ न्यूटन, म्हणजे ३ किलोग्रॅमचे वजन उचलण्याइतकेच बल पुरते.

पण निसर्ग फुकट काही देत नाही. बल ३१.२५ पट झाले, तर अंतर तितक्याच पटींनी कमी व्हायला हवे. बोटांनी ५० मि.मी. दांडी ओढली, तरी खालचा दट्ट्या सरकतो फक्त १.६ मि.मी.! तुमच्या मोजपट्टीवरच्या दोन लहान रेघांमधले अंतरही त्यात दोनदा मावणार नाही. एवढ्याशा हालचालीवर सगळा क्लच अवलंबून असतो. वरच्या दट्ट्याने ढकललेले तेलही मोजून पाहा. ते सुमारे १.१३ घन सें.मी. भरते. चमचाभरसुद्धा नाही.

आता या तेलात अर्धा घन सें.मी. हवा अडकली आहे असे समजा. ९०० न्यूटन बल खालच्या दट्ट्याच्या क्षेत्रफळावर विभागले, तर तेलातला दाब येतो सुमारे साडेबारा वातावरण. त्यात बाहेरच्या हवेचा एक वातावरण दाब मिळवा, साडेतेरा झाले. इथे पास्कलची हद्द संपते आणि बॉइलचा नियम सुरू होतो. बॉइलने तो १६६२ साली मांडला. दाब साडेतेरा पट झाला, तर हवेचे आकारमान साडेतेरा पटींनी कमी होते. अर्ध्या घन सें.मी.चे उरतात अवघे ०.०४ घन सें.मी. म्हणजे आपण ढकललेल्या १.१३ घन सें.मी. तेलापैकी ०.४६ घन सें.मी. केवळ बुडबुडा दाबण्यात खर्ची पडले. खालचा दट्ट्या १.६ मि.मी. ऐवजी जेमतेम ०.९५ मि.मी. सरकला. हवा पूर्ण १ घन सें.मी. असेल, तर तो ०.३ मि.मी.सुद्धा सरकत नाही. प्लेटी चिकटलेल्याच राहतात आणि गाडी ओढते.

तुलनेसाठी पाणी घ्या. एवढ्याच दाबाखाली पाण्याचे आकारमान दहा हजारांत सहा भागांइतकेच कमी होते. द्रव आणि वायू यांत एवढा फरक आहे, म्हणूनच पास्कलच्या यंत्रात द्रव भरतात. नियमात 'बंदिस्त द्रव' हे दोन शब्द असतात. ते आपण म्हणतो, पण त्यांच्याकडे पाहत नाही. यंत्र बिघडते ते बहुधा अशाच न पाहिलेल्या शब्दांत.

भाच्याने सांगितलेल्या 'गंमती'चा अर्थही आता लागतो. दांडी सोडली, की मास्टर सिलिंडर वरच्या डबीतून नवे तेल ओढून घेतो. भराभर दाबले, तर आधीचा बुडबुडा पुन्हा फुगायच्या आत तेलाचा पुढचा हप्ता आत येतो. चार-पाच हप्त्यांत बुडबुडा आवळला जातो, म्हणून दांडी घट्ट लागते. थोडे थांबले, की जादा तेल एका बारीक छिद्रातून डबीत परत जाते, बुडबुडा फुगतो आणि दांडी नरम पडते. मास्टर सिलिंडरचे सील खराब असते, तर लक्षण वेगळे दिसले असते. दांडी दाबून तशीच धरली, की ती बोटांखाली हळूहळू खचत गेली असती, कारण तेल सीलच्या कडेने मागे निसटले असते. मी भाच्याला त्याच रात्री फोन केला. "दांडी अर्धा मिनिट दाबून धर. खचते का?" तो खाली जाऊन आला. "नाही मामा. नरम आहे, पण जिथं आहे तिथंच राहते." मी म्हणालो, "मग काही विकत घेऊ नकोस."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे गॅरेजमध्ये गेलो. मेकॅनिक भला माणूस होता. तो म्हणाला, "सर, सिलिंडर बसवल्यावर मी एअर काढली होती." ते खरेही होते. हवा काढण्यासाठी खालच्या सिलिंडरवर एक निपल असते. त्याला पारदर्शक नळी लावून तिचे दुसरे टोक तेलाच्या बाटलीत बुडवतात. दांडी दाबून धरायची, निपल उघडायचे, तेल व बुडबुडे बाहेर आले की निपल बंद करायचे आणि मगच दांडी सोडायची. वरच्या डबीत तेल सतत भरत राहायचे, नाहीतर तिथूनच नवी हवा आत शिरते. हे सगळे त्याने केले होते. पण तो काढत होता खालून, आणि हवा जाते वर! तेल खाली ढकलले जात असताना बुडबुडे नळीतून वर चढत होते. शेवटचा बुडबुडा अगदी वर, मास्टर सिलिंडरला नळी जोडलेल्या जागी दडून बसला होता.

तेव्हा आम्ही हँडल वळवून गाडी अशी धरली, की मास्टर सिलिंडरची बाजू सर्वांत उंच येईल. डबीचे झाकण काढले आणि दांडी अगदी थोडीशी, चार-पाच मि.मी. एवढीच, हळूहळू दाबून सोडू लागलो. दट्ट्या मागे आला, की ते बारीक छिद्र उघडे होते. थोड्या वेळाने त्यातून एक इवलासा बुडबुडा डबीत आला. मग दुसरा. मग पाच-सहा एकदम. दांडी बोटांना कडक लागू लागली. गिअर टाकला, गाडी जागची हलली नाही. खर्च आला तो ब्रेक ऑइलच्या एका बाटलीचा.

आता माझे म्हणणे ऐका. कोणत्याही यंत्राची दुरुस्ती केल्यावर लगेच नवा दोष दिसला, तर पहिली शंका त्या दुरुस्तीवरच घ्यावी. वरचा सिलिंडर आदल्या दिवसापर्यंत ठीक काम करत होता. तो नेमका त्याच दुपारी का बिघडावा? त्या दुपारी घडले ते एवढेच, की नळी उघडली गेली. उघडलेल्या नळीत काय शिरू शकते, हा प्रश्न मी विचारायला हवा होता. तो न विचारता मी दुसऱ्याच्या पैशांनी एक अंदाज बांधला.

भाग बदलणे वाईट आहे, असे मी म्हणत नाही. खालचे सील झिजले होते, ते बदलणे योग्यच होते. पण भाग बदलणे म्हणजे दोष शोधणे नव्हे. एकामागून एक भाग बदलत गेले, तर कधीतरी गाडी चालू होईल. पण ती का बिघडली होती हे कोणालाच कळणार नाही, आणि पुढच्या वेळी पुन्हा तसाच खर्च होईल. मी हे मेकॅनिकला बोलून दाखवले, तेव्हा तो हसून म्हणाला, "सर, गिऱ्हाईक पार्टचे पैसे देतं. विचार करायचे पैसे कोण देतं? आणि दारात चार गाड्या उभ्या असतात." त्याचे म्हणणे मला खोडता आले नाही. दोष त्याच्या एकट्याचा नाही. विचाराला वेळ लागतो आणि त्या वेळेची किंमत आपण गिऱ्हाईक मोजत नाही.

पण माझी काय सबब होती? माझ्या दारात गाड्या उभ्या नव्हत्या. माझी अडचण माझ्या शिक्षणात आहे, आणि तीच अडचण मी पुढच्या पिढीला देतो आहे. आपल्या प्रयोगशाळेत काय चालते ते पाहा. उपकरण आधीच नीट लावून ठेवलेले असते. उत्तर किती यायला हवे हे सर्वांना ठाऊक असते. एखाद्या मुलाचा प्रयोग चुकला, तर आपण त्याला दुसरे उपकरण देतो. म्हणजे आपणही भागच बदलतो! काटा का हलला नाही, याचा शोध घेण्याची खरी संधी तिथल्या तिथे संपते. मग पहिल्या वर्गात पास झालेला पदवीधरही घरातली टॉर्च लागली नाही, तर सेल संपला असेल म्हणून नवे सेल आणतो. टोकांवरचा गंज पाहत नाही.

म्हणून माझी सूचना अशी आहे. प्रत्येक शाळेच्या प्रयोगशाळेत एक उपकरण मुद्दाम बिघडवून ठेवावे. कधी जोडणीत एक तार सैल असावी, कधी तराजूच्या एका पारड्याखाली मेणाचा ठिपका असावा, कधी पाण्याच्या नळीत बुडबुडा असावा. मुलांनी दोष शोधावा आणि तो कसा शोधला हे क्रमाने लिहावे. काय दिसले, त्यावरून कोणत्या शंका आल्या, कोणत्या परीक्षेने कोणती शंका मिटली. गुण त्या क्रमाला द्यावेत. दोष सापडला नाही, तरी क्रम नीट असेल तर गुण द्यावेत. काही शिक्षक म्हणतील, अभ्यासक्रम पुरा व्हायला वेळ नाही. मी स्वतः हे कारण कित्येकदा पुढे केले आहे. परंतु एक नियम उपयोगात आणता येणे हे दहा नियम पाठ असण्यापेक्षा मोलाचे आहे, हे आता मला पटले आहे.

शाळेची वाट पाहायची नसेल, तर घरीच सुरुवात करा. औषधाच्या दुकानातून सुई नसलेल्या दोन नव्या सिरिंज आणा, एक ५ मि.लि.ची आणि एक २० मि.लि.ची. पाऊण फूट लांबीच्या बारीक प्लॅस्टिक नळीने त्यांची तोंडे जोडा. सर्व पाण्याखाली बुडवून जोडले, तर हवा राहत नाही. लहान दट्ट्या १ सें.मी. दाबा आणि मोठा किती सरकला ते मोजा. मग मोठ्या दट्ट्यावर एखादे जाड पुस्तक ठेवून तो भार पेलायला लावा. आता मुद्दाम १ मि.लि. हवा आत घ्या आणि तेच पुन्हा करा. बोटांना काय फरक जाणवतो, तो वहीत तुमच्या शब्दांत लिहा. नंतर वहीकडे न पाहता मित्राच्या हाती यंत्र द्या आणि बुडबुडा कुठे आहे ते त्याला नुसत्या हाताने ओळखायला सांगा.

एक सूचना मात्र पाळा. खऱ्या मोटरसायकलीच्या क्लचला किंवा ब्रेकला एकट्याने हात लावू नका. ब्रेक ऑइल डोळ्यांना व कातडीला अपाय करते आणि गाडीचा रंगही खाते. कोणत्या गाडीत कोणते तेल घालायचे हे तिच्या पुस्तिकेत दिलेले असते. चुकीच्या तेलाने सील फुगून निकामी होतात. ही कामे जाणत्या माणसाबरोबरच करावीत.

राहता राहिली ती उत्तरपत्रिका. दट्ट्याखाली हवा दाखवणाऱ्या त्या मुलाचा अर्धा गुण मी परत दिला नाही. आकृती चुकीची ती चुकीचीच. पण दुसऱ्या दिवशी वर्गात मी तीच आकृती फळ्यावर काढली आणि विचारले, "हे यंत्र चालवून पाहिले, तर हाताला काय जाणवेल?" बराच वेळ कोणी बोलले नाही. मग मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, "सर, आधी नरम लागेल." या उत्तरासाठी माझ्या गुणपत्रिकेत रकाना नव्हता. तो असायला हवा.